कढईतलं काळं तेल डिझेल कसं होतं?

बेळगावची भजी असो की इंदूरची कचोरी, तळून तळून काळं झालेलं तेल शेवटी जातं कुठे? कुणी गटारात ओततो, कुणी स्वस्तात विकतो आणि तेच तेल दुसऱ्या कुणाच्या कढईत येतं. खरा धोका इथेच आहे.

तेल पुन्हापुन्हा तापवलं की त्यातले 'टोटल पोलर कंपाउंड्स' वाढतात. १ जुलै २०१८ पासून देशभर नियम आहे: हे प्रमाण २५ टक्क्यांवर गेलं की ते तेल खाण्यासाठी वापरायचं नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एफएसएसएआयने असं तेल बायोडिझेलकडे वळवण्यासाठी 'रुको' योजना आणली.

बनतं कसं? तेल गाळून त्यातलं पाणी काढतात. मग मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा घालून साधारण ६० अंशांवर ढवळतात. वर बायोडिझेल राहतं, खाली ग्लिसरीन बसतं. पण तेलात मुक्त फॅटी आम्लं जास्त असली तर साबणच होतो. खाद्यतेल रिफायनरीतून निघणाऱ्या ॲसिड ऑइलमध्ये तर ती भरपूर असतात. म्हणून अशा तेलावर आधी मिथेनॉल आणि सल्फ्युरिक ॲसिडची प्रक्रिया करावी लागते.

घरी हा प्रयोग करू नका. मिथेनॉल विषारी आहे आणि पटकन पेटतं. हॉटेलवाल्यांनो, जुनं तेल नोंदणीकृत संकलकालाच द्या आणि पावती घ्या. रोज ५० लिटरपेक्षा जास्त तेल तळणाला लागत असेल, तर नोंदवही ठेवणं बंधनकारकच आहे. आणि गिऱ्हाइकांनो, कढईकडे एकदा बघून मगच ऑर्डर द्या!