काडी मोडून लग्न मोडत नाही

जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यात मराठी घरांतले बोलणे हिंदीला टेकूनच चालते. घटस्फोटाचा ‘तलाक’ होतो, पोटगीचे ‘भरण-पोषण’. शब्द दोन भाषांतले असले, तरी त्यांच्याभोवतीच्या चुकीच्या समजुती दोन्हीकडे सारख्याच. त्यांतल्या सहा समजुती इथे तपासू. पोटगीचा मुद्दा सोडला, तर पुढचे सारे हिंदू विवाह कायदा, १९५५ लागू असलेल्या घरांपुरते.

गैरसमज १ : स्टॅम्प पेपरवर दोघांच्या सह्या आणि नोटरीचा शिक्का, की दोघेही मोकळे.

वस्तुस्थिती : ‘सोडचिठ्ठी’ आणि ‘काडीमोड’ हे शब्द या कायद्याहून जुने. काही समाजांत पंचांसमोर काडी मोडली की लग्न मोडत असे. कलम २९ ने अशा रूढीला आजही जागा ठेवली आहे, पण आपल्या समाजात ती पूर्वापार चालत आली आहे हे पुराव्याने सिद्ध करावे लागते. बाकी सगळ्यांना न्यायालयाचा हुकूमनामाच लागतो. नोटरीच्या शिक्क्याने सही खरी ठरेल, लग्न मोडणार नाही. त्या कागदाच्या भरवशावर केलेले दुसरे लग्न कायद्याने शून्य ठरते, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते ती वेगळीच.

गैरसमज २ : बरीच वर्षे वेगळे राहिले की घटस्फोट आपोआप होतो.

वस्तुस्थिती : वीस वर्षे वेगळे राहिले तरी नवरा-बायको ते नवरा-बायकोच. जोडीदाराने सबळ कारणाशिवाय सलग दोन वर्षे सोडून दिले असेल, तर ते घटस्फोट मागण्याचे कारण होते. पण अर्ज करावा लागतो आणि कारण सिद्ध करावे लागते.

गैरसमज ३ : दोघे राजी असले तरी सहा महिने थांबावेच लागते.

वस्तुस्थिती : संमतीच्या घटस्फोटासाठी अर्जाआधी किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते. अर्जानंतरच्या सहा महिन्यांबद्दल मात्र सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये, अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या खटल्यात, सांगितले की समेटाची आशा उरली नसेल आणि पोटगी, मुले वगैरे सारे प्रश्न मिटलेले असतील, तर न्यायालय ही मुदत माफ करू शकते. दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी : हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकते.

गैरसमज ४ : लग्न जबलपुरात झाले, म्हणून खटलाही जबलपुरातच चालणार.

वस्तुस्थिती : समजा सासर दीक्षितपुऱ्यात आणि माहेर नागपुरात. लग्न जिथे लागले, जोडपे शेवटचे एकत्र जिथे राहिले किंवा समोरचा पक्ष जिथे राहतो, तिथे अर्ज करता येतो. २००३ च्या दुरुस्तीनंतर पत्नीला ती सध्या राहते तिथेही करता येतो, म्हणजे माहेरी परतलेली सून नागपूरच्या कुटुंब न्यायालयात जाऊ शकते. नवऱ्याने आधीच जबलपुरात दावा लावला असेल, तर तो नागपूरला हलवायला सर्वोच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो. कारण १९५६ पर्यंत दोन्ही शहरे एकाच प्रांतात असली, तरी आज मध्ये राज्याची सीमा आहे.

गैरसमज ५ : घटस्फोट झाला की पोटगी संपली, आणि कमावतीला ती मिळतच नाही.

वस्तुस्थिती : याचे सर्वांत गाजलेले उत्तर मध्य प्रदेशातूनच गेले. इंदूरच्या शाहबानो यांना दंडाधिकाऱ्याने महिना २५ रुपये दिले होते. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने १९८० मध्ये ते १७९ रुपये २० पैसे केले, आणि १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटस्फोटितेचा हक्क कायम ठेवला. फौजदारी संहितेचे तेव्हाचे कलम १२५ आता नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ झाले आहे. घटस्फोटितेने पुन्हा लग्न केले नसेल आणि तिचा निर्वाह होत नसेल, तर ती पोटगी मागू शकते. पगार आहे एवढ्यावरून अर्ज फेटाळला जात नाही. त्या पगारात भागते का, हे पाहिले जाते. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून दोघांनाही मिळकतीचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. हिंदू विवाह कायद्याखाली गरजू नवराही पोटगी मागू शकतो.

गैरसमज ६ : पाच वर्षांपर्यंत मूल आईचे, नंतर बापाचे.

वस्तुस्थिती : १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा एवढेच म्हणतो की पाच वर्षांखालचे मूल सहसा आईकडे राहावे. पाचवा वाढदिवस आला म्हणून मूल बापाच्या घरी जात नाही. वय काहीही असो, कसोटी एकच : मुलाचे हित. मूल समजत्या वयाचे असेल तर न्यायाधीश त्याचे मन जाणून घेतात. त्याच्या म्हणण्याला वजन असते, पण निकाल न्यायालयाचाच. ताबा एकाकडे गेला तरी दुसऱ्याची भेट सहसा तुटत नाही, आणि परिस्थिती बदलली तर ताब्याचा आदेशही बदलून मागता येतो.

शेवटी खर्चाचे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे स्त्रिया आणि मुले यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा असतो. जबलपूरच्या पाट्यांवर ‘विधी’चे ‘विधिक’ होते, एवढाच फरक. कोणी पुढ्यात स्टॅम्प पेपर सरकवून सही मागितली, तर सही करण्याआधी तो कागद घेऊन तिथे जा.