दगड पडले त्याच गावात सही

‘२८ साली २८वा’, म्हणजे २०२८मध्ये युरोपीय महासंघाचा अठ्ठाविसावा सदस्य, ही मॉन्टेनिग्रोची घोषणा आता ब्रुसेल्सलाही पटू लागलेली दिसते. युरोपीय महासंघाच्या नोव्हेंबर २०२५च्या विस्तार अहवालात रांगेतल्या देशांत हा सव्वासहा लाख वस्तीचा देश सर्वांत पुढे होता. प्रवेशाच्या वाटाघाटीतली किती प्रकरणं बंद झाली, किती उरली, याचा हिशोब बातम्यांत आलाच आहे. मला मात्र या देशाने गाठलेली मजल बुद्वापासून मोजावीशी वाटते.

बुद्वा हे एड्रियाटिकच्या काठावरचं पर्यटकांचं गाव. जुलै २०१३मध्ये समलिंगी हक्कांसाठीची देशातली पहिली प्राइड यात्रा इथे निघाली. पोलिसांच्या कड्यातून चालणाऱ्या मूठभर माणसांवर जमावाने दगड आणि बाटल्या फेकल्या. आपण समलिंगी आहोत असं या देशात उघडपणे सांगणारा पहिला कार्यकर्ता झ्द्राव्को चिंबाल्येविच त्याच वर्षी देश सोडून गेला. पुढे त्याला कॅनडात आश्रय मिळाला. चळवळ उभी करणाऱ्यालाच तिचं फळ पाहायला देशात राहता आलं नाही, ही गोष्ट मला कुठल्याही अहवालापेक्षा जास्त बोलते.

मागे राहिलेल्यांनी पोलीस ठाण्यांपासून खासदारांपर्यंत खेटे घालणं सोडलं नाही. समलिंगी जोडप्यांच्या सहजीवनाचं विधेयक २०१९मध्ये संसदेत पडलं. १ जुलै २०२० रोजी ते ८१पैकी ४२ मतांनी निसटतं मंजूर झालं. वर्षभराने, जुलै २०२१मध्ये, दोन स्त्रियांनी या कायद्याखाली पहिली नोंदणी केली. तीही बुद्वातच. आठ वर्षांपूर्वी दगड पडले त्याच गावात.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘युरोपात जायचं तर समलिंगी विवाह मान्य करावे लागतात’ हा प्रचार बाल्कन देशांत चर्चच्या व्यासपीठांवरून आणि निवडणुकीच्या सभांतून सर्रास होतो. तो खरा नाही. महासंघाची पक्की कायदेशीर अट आहे ती नोकरी-रोजगारात लैंगिक कलावरून भेदभाव होऊ न देण्याची. तसा निर्देश २०००पासून लागू आहे. समलिंगी विवाह किंवा भागीदारी आपल्या कायद्यात आणायची की नाही, हे प्रत्येक देश ठरवतो. सदस्य असलेल्या बल्गेरिया आणि रोमेनियाच्या कायद्यात अशी तरतूद नाहीच. दबाव येतो तो तेविसाव्या प्रकरणातून, म्हणजे न्यायव्यवस्था आणि मूलभूत हक्क या विषयातून. हे प्रकरण वाटाघाटीत सर्वांत आधी उघडतात आणि सर्वांत शेवटी मिटतात. मॉन्टेनिग्रोच्या कायद्याचं श्रेय म्हणूनच मी आधी तिथल्या कार्यकर्त्यांना देईन. ब्रुसेल्सने दार किलकिलं ठेवलं. ढकललं ते यांनी.

शेजारच्या सर्बियात दार किलकिलंच राहिलं. भेदभावविरोधी कायदा तिथे मार्च २००९मध्ये आला. धर्मसंस्थांच्या विरोधामुळे सरकारने तो आधी मागे घेतला होता; पण युरोपात व्हिसाशिवाय प्रवास हवा तर हा कायदा हवा, हे गणित होतं. डिसेंबरमध्ये ती सवलत मिळाली. पुढच्याच वर्षी बेलग्रेडच्या प्राइड यात्रेला पाच हजारांहून अधिक पोलीस लागले, तरी शहरात दंगल पेटली आणि शंभराहून अधिक माणसं जखमी झाली. नंतरची तीन वर्षं यात्रेवर बंदी होती.

२०१७मध्ये आना ब्र्नाबिच पंतप्रधान झाल्या. त्या समलिंगी आहेत हे सगळा देश जाणत होता, आणि जगभर त्याचं कौतुक झालं. २०१९मध्ये त्यांच्या जोडीदाराने मुलाला जन्म दिला. त्या घरातल्या दोघींचं नातं मात्र सर्बियाच्या कायद्याच्या लेखी अस्तित्वातच नव्हतं. २०२१मध्ये भागीदारी कायद्याचा मसुदा तयार झाला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष वुचिच यांनी आपण त्यावर सही करणार नाही असं सांगितलं. ब्र्नाबिच २०२४पर्यंत पंतप्रधान होत्या. कायदा झाला नाही. पंतप्रधानांच्या घराची ही गत, तर आजारी जोडीदाराच्या खाटेपाशी बसायला मिळेल का, भाड्याचं घर आपल्यामागे तिच्याकडे राहील का, या विवंचनेत जगणाऱ्या नीशमधल्या किंवा नोवी सादमधल्या साध्या जोडप्याने काय आशा धरावी? ब्र्नाबिच यांच्या पदाला प्रगतीची खूण मानणाऱ्या युरोपीय नेत्यांनी हा प्रश्न पुरेशा जोरात विचारला नाही, असं मला वाटतं.

जॉर्जियात तर चाक उलटं फिरलं. तिथेही व्हिसामुक्त प्रवासासाठी २०१४मध्ये भेदभावविरोधी कायदा झाला आणि २०१७मध्ये सवलत मिळाली. डिसेंबर २०२३मध्ये देशाला उमेदवारीचा दर्जा मिळाला. नऊ महिन्यांनी, १७ सप्टेंबर २०२४ रोजी, त्याच देशाच्या संसदेने ‘कौटुंबिक मूल्यां’च्या नावाने प्राइड यात्रांवर आणि समलिंगी नात्यांच्या चित्रणावर निर्बंध आणणारा कायदा मंजूर केला. दुसऱ्या दिवशी केसारिया अब्रामिद्झे ही ३७ वर्षांची ट्रान्स मॉडेल तिबिलिसीतल्या आपल्या घरात मारली गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरकारने प्रवेशाच्या वाटाघाटी २०२८ अखेरपर्यंत बाजूला ठेवल्याचं जाहीर केलं, आणि युरोपात जायचंच म्हणणारी माणसं तिबिलिसीच्या रुस्तावेली रस्त्यावर रात्रीमागून रात्री उभी राहिली.

उमेदवारीचा काळ जपून वापरला पाहिजे तो यासाठी, की आत गेलेल्या देशाला वळवणं फार अवघड असतं. हंगेरी २००४पासून सदस्य आहे. तिथल्या संसदेने मार्च २०२५मध्ये प्राइड बंदीला वाट करून दिली. जूनमध्ये महापौर गेर्गेय काराचोन्य यांच्या पाठिंब्याने बुडापेस्टमध्ये प्रचंड यात्रा निघाली खरी, पण ती माणसं दंडाची धमकी डोक्यावर घेऊन चालत होती.

बुद्वात सही झाली, पण काम संपलेलं नाही. सहजीवनाच्या कायद्याशी जुळवून घ्यायचे कितीतरी पूरक कायदे तसेच पडून राहिले. नोंदणी करूनही जोडप्यांना मिळायला हवे ते सगळे हक्क हाती आले नाहीत, आणि युरोपीय आयोगाचे अहवाल दरवर्षी त्याची आठवण करून देत आले. तेविसावं प्रकरण बंद करण्याआधी ब्रुसेल्सने हे पूरक कायदे एकेक करून मागून घ्यावेत. २०२८नंतर मागायचं ठरवलं, तर हातात आजच्याइतकं बळ उरणार नाही.