लाटांनी घडविलेला चित्रकार

चित्रकाराला विषय निसर्ग पुरवितो, हे सर्वमान्य आहे. परंतु एखाद्या खेळाने चित्रकाराला विषय, उपजीविका आणि रसिकवर्ग अशा तिन्ही गोष्टी मिळवून द्याव्यात, असे क्वचितच घडते. अमेरिकेतील जॉन सेव्हरसन (१९३३–२०१७) यांच्या बाबतीत ते घडले. फळीवर उभे राहून लाटेबरोबर किनाऱ्याकडे झेपावण्याचा सर्फिंग हा तो खेळ. त्याचे माहेर हवाई बेटे. विसाव्या शतकात तो कॅलिफोर्नियात रुजला.

सॅन क्लेमेंटी या किनाऱ्यावरील गावी सेव्हरसन लहानाचे मोठे झाले. कलाविषयक उच्च शिक्षणानंतर लष्करी सेवेनिमित्त ते हवाईला गेले आणि तेथील प्रचंड लाटा त्यांच्या अभ्यासाचा विषय झाल्या. लाट उथळ पाण्यात शिरली की तिचा वेग मंदावतो, उंची वाढते आणि अखेर माथा पुढे झुकून ती फुटते. काठावरच्या माणसाला प्रामुख्याने फेस दिसतो. फळीवरच्या माणसाला मात्र ती फुटण्यापूर्वीच ओळखावी लागते. सेव्हरसन यांच्या कुंचल्यामागे ही अंगवळणी पडलेली ओळख होती.

१९५८ पासून त्यांनी या खेळावर चित्रपट काढले आणि त्यांची भित्तिपत्रके स्वतः रंगविली. १९६० मध्ये अशाच एका चित्रपटाच्या जोडीला त्यांनी ‘द सर्फर’ ही ३६ पानांची पुस्तिका काढली. पुढे तिचेच नियतकालिक झाले. १९५९ च्या ‘गिजेट’ या चित्रपटानंतर या खेळाचे वेड पसरले होते आणि तो खेळणारे म्हणजे उडाणटप्पू, असा लोकांचा समज होता. सेव्हरसन यांनी उत्तम छायाचित्रे, रेखाटने आणि गंभीर लेखन यांनी त्या समजाला उत्तर दिले. रिक ग्रिफिन या तरुण व्यंगचित्रकाराचा ‘मर्फी’ याच पानांतून पुढे आला.

पण या यशात एक पेच होता. लाटेचे सौंदर्य जितके लोकांपुढे मांडावे, तितकी किनाऱ्यावर गर्दी वाढे. आणि ज्या एकांतातून कला उपजली, तोच आटू लागे. शिवाय संपादकाचा व्याप कुंचल्याला सवड देत नसे. १९७० नंतर लवकरच सेव्हरसन यांनी ते नियतकालिक विकले आणि माउई बेटावर जाऊन पुन्हा चित्रकला जवळ केली. ते नियतकालिक २०२० मध्ये बंद पडले. चित्रे मात्र राहिली आहेत.

बंगळूरचे इंदिरानगर समुद्रापासून रस्त्याने सुमारे साडेतीनशे किलोमीटर दूर आहे. तरीही त्याच कर्नाटकातील मुल्की येथे या शतकाच्या आरंभापासून सर्फिंगचे शिक्षण मिळू लागले. कोकणचा सागर आपल्या चित्रकारांनी बहुधा काठावरून पाहिला. लाटेच्या पाठीवरून तो कसा दिसतो, हे दाखविणारा चित्रकार आपल्याकडे अजून यावयाचा असेल, तर त्याला शाळेइतकेच खाऱ्या पाण्यातही शिकावे लागेल.