व्यंग आणि आपल्या म्हणी

समाजाला व्यंगाविषयीं खरें काय वाटतें, हें जाणावयाचें तर त्याच्या म्हणी पाहाव्या. ‘वासरांत लंगडी गाय शहाणी’, ‘आंधळें दळतें, कुत्रें पीठ खातें’ या म्हणी घरोघर चालतात. दोहोंतहि व्यंग हें उपहासाचें साधन. ‘आंधळ्याच्या गाई देव राखतो’ हींत करुणा आहे खरी. पण सारा भार देवावर टाकून शेजारी मोकळे!

पश्चिम आफ्रिकेंतील योरुबा लोकांची समजूत निराळी. मानवदेह घडविणारा ओबाताला मद्यानें धुंद झाला आणि त्याच्या हातून कांहीं देह वांकडे घडले. म्हणून अशीं माणसें त्या देवाचींच मानावयाचीं. दोष घडविणाऱ्याचा, घडलेल्याचा नव्हे.

आमच्या पाणिनीनेंहि विकृत अवयवाच्या नांवास तृतीया विभक्ति सांगितली: मनुष्य ‘डोळ्यानें’ काणा, सर्वांगानें नव्हे. व्यवहारांत मात्र थोटा, लंगडा हेंच त्याचें नांव होऊन बसतें.

धाराशिव जिल्ह्यांतील तेरखेडा हें फटाक्यांच्या कारखान्यांचें गांव. स्फोटांत तेथें माणसें दगावलीं आहेत, जखमीहि झालीं आहेत. अशा एखाद्या कामगाराचा हात गेला, तर त्याबरोबर त्याचें बारशाचें नांवहि जावें काय? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें चारचौघांत हेतुपुरस्सर केलेला अपमान दंडनीय ठरविला. पण माजघरांतील जिभेवर कायद्याचा पहारा नसतो. तो वडील मंडळींनींच ठेवावयाचा आहे. मुलांना म्हणी खुशाल शिकवाव्या. माणसाला मात्र त्याच्या नांवानेंच हांक मारावयास शिकवावें, असें आम्हांस वाटतें.