गिअरचा दिवा आणि इंधनाची बचत

बिलोलीहून नरसी, नायगावमार्गे नांदेडला जाणाऱ्या मोटारीस वाटेत कोठे बाजाराची गर्दी, कोठे बैलगाडी, तर कोठे मोकळा रस्ता लागतो. अशा प्रवासात चालकास वारंवार गिअर बदलावा लागतो आणि तो केव्हा बदलला, यावर इंधनाचा खर्च बराचसा अवलंबून असतो.

ॲम्बॅसेडर आणि प्रीमियर पद्मिनीचे चालक ही वेळ इंजिनाच्या आवाजावरून ओळखत. पश्चिम जर्मनीतील फोक्सवॅगन कंपनीने 1981 च्या सुमारास आपल्या काही मोटारींत चालकासमोरील फलकावर त्यासाठी एक लहान दिवा बसविला. वरचा गिअर टाकण्याची वेळ झाली की तो लागतो. वरच्या गिअरमध्ये त्याच वेगासाठी इंजिनाला कमी फेरे घ्यावे लागतात. त्यामुळे घर्षणात वाया जाणारी शक्ती व पर्यायाने इंधन वाचते. युरोपीय संघाने तर 2014 पासून हाताने गिअर बदलण्याच्या सर्व नव्या प्रवासी मोटारींत अशी सूचक सोय सक्तीची केली.

तथापि या दिव्याला समोरचा चढ दिसत नाही. भरलेली मोटार चढावर थरथरू लागली, इंजिन ठोके देऊ लागले, तर दिवा काहीही सांगो, खालचा गिअर टाकणेच इष्ट होय.

देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी 80 टक्क्यांहून अधिक तेल आयात करावे लागते. म्हणून कार्यालयाची जीप असो वा शिक्षकाने घेतलेली जुनी मोटार, दिवा असल्यास त्याकडे लक्ष द्यावे. नसल्यास कान जागे ठेवावेत.