कॉन्स्टंटाइनने न काढलेले फर्मान

इसवी सन ३१३ मध्ये मिलानचे फर्मान काढून कॉन्स्टंटाइनने ख्रिस्ती धर्म हा रोमन साम्राज्याचा अधिकृत धर्म ठरविला, हे विधान परीक्षार्थींच्या मार्गदर्शिकांपासून विद्वानांच्या व्याख्यानांपर्यंत इतक्या निःशंकपणे केले जाते, की ते खोडून काढू पाहणाऱ्याकडेच श्रोते संशयाने पाहू लागतात. परंतु ते फर्मान खऱ्या अर्थाने मिलानचे नव्हते, आणि कोणताही धर्म त्याने अधिकृत केलेला नव्हता. खेद याचा वाटतो, की या चुकीपायी प्राचीन जगातील एका अत्यंत उदार राजाज्ञेचे मर्मच झाकले जाते.

चौथ्या शतकात ख्रिस्ती लोकांचा छळ थांबविण्याची पहिली मोठी आज्ञा मुळात कॉन्स्टंटाइनची नव्हेच. ती गॅलेरियसची; ज्याला छळाचा प्रमुख पुरस्कर्ता मानले जाते त्या सम्राटाने एप्रिल ३११ मध्ये, मरणाच्या दारात असताना ती काढली, आणि ख्रिस्ती लोकांनी आपल्या व राज्याच्या क्षेमासाठी त्यांच्या देवाची प्रार्थना करावी, अशी अपेक्षा तीत व्यक्त केली. पुढे ३१३ च्या आरंभी, कॉन्स्टंटाइनच्या सावत्र बहिणीचा लिसिनियसशी विवाह झाला त्या निमित्ताने, दोघे सम्राट मिलान येथे भेटले आणि धर्मविषयक धोरणावर त्यांचे एकमत झाले, हे खरे. परंतु ज्याला आपण मिलानचे फर्मान म्हणतो, ते वस्तुतः लिसिनियसने पूर्वेकडील प्रांताधिकाऱ्यास पाठविलेले हुकुमाचे पत्र असून, १३ जून ३१३ रोजी ते निकोमीडिया नगरीत जाहीर करण्यात आले. ज्यांना शंका असेल त्यांनी ख्रिस्ती लेखक लॅक्टॅन्शियसने जतन केलेला लॅटिन पाठ आणि चर्चचा इतिहासकार युसेबियस याने दिलेला ग्रीक पाठ शेजारी ठेवून पाहावेत. दोहोंतही ख्रिस्ती लोकांना, तसेच इतर सर्वांना, ज्याला जी उपासना रुचेल ती करण्याची मोकळीक आहे. ख्रिस्ती समाजाची जप्त झालेली प्रार्थनास्थळे व मिळकती मोबदला न घेता परत कराव्यात, आणि ज्यांनी त्या विकत घेतल्या असतील त्यांनी भरपाईसाठी सरकारदरबारी दाद मागावी, असा चोख बंदोबस्तही आहे. एका धर्माला सिंहासनावर बसविणारा राजा त्याच लेखात इतरांच्या उपासनेची हमी देईल कशासाठी, हा साधा प्रश्न ते विधान घोकणाऱ्यांना पडत कसा नाही?

कॉन्स्टंटाइन तटस्थ होता, असा याचा अर्थ मात्र कोणी घेऊ नये. ख्रिस्ती धर्मोपदेशकांना त्याने नगराच्या सक्तीच्या सेवांतून माफी दिली, रोममध्ये लॅटरनचे भव्य प्रार्थनामंदिर उभारले, काही देवळे पाडली आणि कित्येकांचा खजिना सरकारजमा केला. तथापि याच सम्राटाच्या नाण्यांवर सुमारे ३२५ पर्यंत अजिंक्य सूर्यदेव दिसतो. ३२१ चा साप्ताहिक विश्रांतीचा कायदा त्या दिवसाचा उल्लेख पूज्य सूर्याचा वार असा करतो. रोमच्या जुन्या धर्माच्या मुख्य पुरोहिताचे पद त्याने मरेपर्यंत सोडले नाही. आणि कारकिर्दीच्या अखेरच्या वर्षांत, हिस्पेलम या नगरीला त्याच्या घराण्याच्या नावाचे देऊळ बांधण्याची सनदही त्याने दिली. बळी देण्यावर त्याने बंदी घातली, असे युसेबियस सांगतो, आणि ३४१ चा त्याच्या मुलांचा कायदाही पित्याच्या आज्ञेचा हवाला देतो. उलट लिबानियस हा जुन्या धर्माचा वक्ता परंपरागत पूजेला त्याने धक्का लावला नाही, असे सांगतो. पहिल्याला धन्याची धर्मनिष्ठा वाढवून सांगायची होती आणि दुसऱ्याला पुढच्या काळातील सम्राट थिओडोसियसपुढे जुना दाखला ठेवायचा होता, हे ध्यानात घेता, बंदी असलीच तरी तिची अंमलबजावणी शिथिल होती, असे मला वाटते.

ज्या आज्ञेचे श्रेय वा अपश्रेय कॉन्स्टंटाइनच्या पदरी टाकले जाते ती, नायसियाच्या धर्मपरिषदेत संमत झालेली श्रद्धाच सर्व प्रजेने पाळावी ही आज्ञा, थेसालोनिकी येथून २७ फेब्रुवारी ३८० रोजी निघाली, आणि ती काढणारा सम्राट थिओडोसियस होता. बळी देणे व देवळांत पूजेला जाणे यांवरील कठोर कायदे तर ३९१–९२ चे. कॉन्स्टंटाइनच्या मृत्यूला ३८० मध्येच ४२ वर्षे उलटून गेली होती.

इतर गैरसमजांना अधिक जागा देण्याचे कारण नाही. ३२५ च्या नायसिया परिषदेत बायबलचे ग्रंथ मतदानाने निवडले गेले, ही कथा निराधार आहे. तेथे ख्रिस्ताला देवपित्याहून गौण मानणाऱ्या आरियसच्या मताचा निवाडा झाला, ईस्टरच्या दिवसाची चर्चा झाली आणि २० नियम संमत झाले, त्यांत ग्रंथनिवडीचा शब्दही नाही. पश्चिमेचे राज्य पोपला बहाल करणारे, कॉन्स्टंटाइनच्या नावावर खपविलेले आठव्या शतकातील दानपत्र बनावट आहे, हे लोरेन्झो व्हालाने १४४० मध्येच सिद्ध केले. आणि पोप सिल्व्हेस्टरने बाप्तिस्मा देऊन त्याचे कुष्ठ बरे केले, ही दंतकथा होय: कॉन्स्टंटाइनने बाप्तिस्मा घेतला तो ३३७ मध्ये, मृत्यूच्या थोडाच आधी, आणि तोही निकोमीडियाच्या युसेबियसकडून (वर उल्लेखिलेला इतिहासकार नव्हे), म्हणजे आरियसची बाजू घेतलेल्या बिशपच्या हातून.