जुना सी. बी. संच चांगला कीं नवा?

अमेरिकेंत मुलानातवंडांकडे जाऊन आलेल्या आमच्या वाचकांनीं तेथील हमरस्त्यांवर धांवणाऱ्या अवजड मालमोटारींच्या आरशांजवळ उभी केलेली लांब, लवचीक काठी पाहिली असेल. ती ‘सिटिझन्स बँड’ अथवा सी. बी. नांवाच्या बिनतारी संचाची एरियल होय. टेलिफोनाप्रमाणें येथें एकाशींच खाजगी बोलणें नसतें. एकानें कळ दाबून बोलावें आणि दोनचार कोसांत जे कोणी कान देऊन बसले असतील त्या सर्वांनीं तें ऐकावें, असा हा चावडीसारखा प्रकार आहे. खिशांतल्या टेलिफोनाच्या या दिवसांतहि तो टिकून आहे. आणि त्याच्या नादी लोकांत एक वाद वर्षानुवर्षें चालला आहे, कीं जुने संच सरस कीं नवे?

वाद केवळ हौसेचा असता तर त्यांत पडण्याचें कारण नव्हतें. पण पुढें अपघात झाला आहे, रस्त्यावर बर्फ सांचलें आहे, ही वार्ता चालकास कित्येकदां याच पेटींतून मिळते. ज्याच्या भरंवशावर रात्रीं गाडी हांकावयाची, तो संच कोणता घ्यावा हा प्रश्न क्षुल्लक नव्हे.

१९५८ सालीं अमेरिकन सरकारनें २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचे २३ मार्ग सामान्य नागरिकांस खुले केले. तेव्हांचे संच कांचेच्या व्हॉल्व्हचे. मिनेसोटा प्रांतांत वासीका येथें जॉन्सन कंपनी आपला ‘मेसेंजर’ बनवी. न्यू हँपशायरमधील लकोनियाच्या ब्राउनिंग कंपनीचा ‘गोल्डन ईगल’ म्हणजे तर खासा राजेशाही थाट: ऐकण्याची पेटी निराळी, बोलण्याची निराळी! पुढें १९७३ चें तेलाचें संकट आलें. १९७४ पासून वेग ताशीं ५५ मैलांवर जखडला गेला. आणि पेट्रोल कोठें मिळतें व पोलीस कोठें दडून बसले आहेत हें एकमेकांस सांगण्यासाठीं मालमोटारवाल्यांनीं या संचाचा आश्रय केला. त्यांच्या मागोमाग सारा देशच त्याच्या भजनीं लागला. गर्दी इतकी झाली कीं १ जानेवारी १९७७ पासून मार्ग ४० करावे लागले.

जुन्या व नव्याची खरी सीमारेषा हीच. २३ मार्गांच्या ट्रॅन्झिस्टर-संचांत बहुधा बारा-चौदा स्फटिक असत व त्यांच्या निरनिराळ्या जोड्यांतून एकेक मार्ग सिद्ध होई. एक स्फटिक बिघडला कीं चार-सहा मार्ग एकदम मुके! शिवाय २७ ची दुप्पट ५४, आणि अमेरिकेंतील टेलिव्हिजनचा दुसरा मार्ग त्या काळीं नेमका ५४ पासूनच सुरू होई; त्यामुळें संच अशुद्ध लहरी सोडूं लागला कीं शेजाऱ्याच्या पडद्यावर जाळें पसरे आणि भांडण दाराशीं येई. म्हणून ४० मार्गांच्या संचांना अशुद्ध लहरींविषयीं कडक नियम लावण्यांत आले, आणि २३ मार्गांच्या नव्या संचांची विक्री १९७८ च्या आरंभापासून बंद झाली. नव्या रचनेंत एकदोन स्फटिकांच्या आधारें एक चिमुकलें मंडल सर्व मार्ग घडवूं लागलें. लहरींच्या शुद्धतेंत अगदीं जुने संच मागें पडतात, हें त्यांच्या भक्तांनींहि मान्य करावयास हवें.

मग जुन्यांची महती कशांत? ती त्यांच्या पोटांत आहे. झांकण काढावें तों प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो, बोटांत धरतां येतो, आणि साध्या डाखणीनें काढून बदलतां येतो. आजच्या संचांतील भाग तांदळाच्या कणीएवढे, फळीच्या पृष्ठभागावरच चिकटविलेले. ते बसवितें यंत्र, आणि हातानें ते बदलणारा कारागीर विरळा. कांहीं नव्या संचांत तर सारें मंडल बोलण्याच्या मुठींतच मावलें आहे. बिघडला कीं टाकून द्यावा, हीच त्यांची दुरुस्ती. मात्र गोंगाट दाबण्याची सोय, हवामानखात्याच्या इशाऱ्यांचे मार्ग, आणि २०२१ मध्यें परवानगी मिळालेलें एफ. एम. हे नव्यांचे गुण कोणीं नाकारूं नयेत.

आमच्या मतें उजवी ठरते ती मधली पिढी: ४० मार्ग झाल्यानंतरच्या दहापंधरा वर्षांतील संच. लहरी शुद्ध, आणि तरीहि भाग हातानें बदलण्याजोगे. ‘कोब्रा १४८ जी. टी. एल.’ सारख्या संचांचा शोध लोक अद्यापि घेतात तो उगीच नव्हे. तरी रोजच्या गाडींत, जवळ जाणता कारागीर नसेल तर, नवाच घ्यावा.

दूर पल्ल्याची बढाई मात्र दोघांनींहि मारूं नये. कायद्यानें साध्या ए. एम. संचास शक्ति ४ वॅटच. ती दुप्पट केली तरी ऐकणाऱ्याच्या मापकाचा कांटा अर्धेंच घर सरकतो. पल्ला ठरविते ती एरियल. साडेआठ फुटांची पूर्ण काठी आणि हातभर लांबीची शोभेची काठी यांत जो फरक पडतो, तो जुन्या-नव्याच्या फरकाहून पुष्कळ मोठा आहे.

आपल्याकडेहि २००५ सालच्या नियमांनीं या पट्ट्यांतील कमी शक्तीचे संच परवान्यावांचून वापरण्याची मुभा मिळाली. पण तोंवर मोबाइल टेलिफोन पसरूं लागला होता.

अमेरिकेंत कोणाच्या माळ्यावर जुना व्हॉल्व्हचा संच सांपडला तर तो एकदम विजेला जोडूं नये. त्यांतील कपॅसिटर बहुधा वाळून गेलेले असतात. ते प्रथम बदलून घ्यावेत. तेंहि घरीं नको. अशा संचांत कांहीं शें व्होल्टांचा दाब असतो, आणि खटका बंद केल्यावरहि तो कांहीं वेळ आंत दबा धरून राहतो.